घाटावरून ताऱ्यांचं तापमान

जानेवारीतली अमावास्येच्या आसपासची रात्र, साडेदहाचा सुमार. कुरुंदवाडच्या घाटावर नरसोबाच्या वाडीचे दिवे पाठीशी घेऊन दक्षिणेकडे तोंड करून बसलं आणि मान चांगली वर केली, की मृग नक्षत्र समोर येतं. मधोमध एका ओळीत तीन तारे, भोवती चार ताऱ्यांचा चौकोन. त्या चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन ठळक तारे आहेत, वर काक्षी आणि खाली राजन्य. तेजात दोघं जवळपास तोडीस तोड. पण काक्षी निखाऱ्याकडे झुकणारी तांबूस, आणि राजन्य निळसर झाक असलेला पांढरा.

काक्षीच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३,५०० केल्विन आहे, राजन्यचं सुमारे १२,०००. (केल्विनमधून २७३ वजा केले की सेल्सिअस.) म्हणजे घाटाच्या पायरीवर बसलेल्या माणसाला, हातात कसलंही यंत्र नसताना, शेकडो प्रकाशवर्षं दूरच्या दोन भट्ट्यांमधला जवळपास साडेतीन पटींचा फरक डोळ्यांनी कळतो. ही विद्या शिकायला एक हिवाळा पुरतो.

शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्याला रोहिणी, मृग, आर्द्रा ही नावं पावसाची म्हणून पाठ असतात. जूनच्या सात-आठ तारखेला सूर्य मृगात येतो, पेरणीची गडबड सुरू होते. पण त्या दिवसांत ते नक्षत्र सूर्याबरोबरच उगवतं आणि त्याच्याबरोबरच मावळतं, त्यामुळे दिसत नाही. पेरताना ज्याचं नाव घ्यायचं, त्याला डोळे भरून पाहायची वेळ येते ती गळीत हंगाम ऐन भरात असताना.

रंगावरून ताप ओळखणं या भागाला नवं नाही. लोहार भात्यावर लोखंड तापवतो तेव्हा थर्मामीटर लावत नाही. साधारण साडेपाचशे अंश सेल्सिअसला लोखंड अंधारात मंद लाल दिसू लागतं. मग ते लालभडक होतं, नारिंगी होतं, आणि अकराशे-बाराशेच्या पुढे पिवळं पडतं. घणाचा घाव कधी घालायचा, ते रंग सांगतो. गुऱ्हाळावरचं चुलवाणही हेच शिकवतं. विझलेल्या चुलवाणाचं तोंड दिवसाढवळ्याही काळंकुट्ट दिसतं, कारण आत गेलेला उजेड भिंतींवर आपटत आतच जिरतो. तेच चुलवाण चिपाडं घालून धगधगत ठेवलं, की आसपासच्या कुठल्याही भागापेक्षा ते तोंड जास्त झळाळतं. जे सगळा प्रकाश गिळू शकतं, तेच तापलं की सगळ्यांत जास्त प्रकाश टाकतं. भौतिकशास्त्रात याला कृष्ण पदार्थ म्हणतात. तारा हा जवळजवळ असाच कृष्ण पदार्थ आहे. चुलवाणाचं तोंड आणि व्याधाचा तारा एकाच नियमानं उजळतात.

हा नियम घराघरांत पाहिलेला आहे. जुन्या काळी उसाला पाणी पाजायच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की गावातलं व्होल्टेज उतरायचं आणि साठचा बल्ब तांबडा पडायचा. त्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. बल्बमधली तार थंडावली म्हणून रंग तांबड्याकडे सरकला, आणि उजेड प्रमाणाबाहेर घटला. व्होल्टेज निम्मं झालं तर उजेड निम्मा नव्हे, जेमतेम दहावा हिस्सा उरतो. ताऱ्यांचे दोन्ही मुख्य नियम त्या केविलवाण्या बल्बात होते.

पहिला नियम रंगाचा. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म वीन यांनी तो १८९३ मध्ये मांडला. २,८९८ या आकड्याला केल्विनमधल्या तापमानानं भागलं, की त्या वस्तूचं प्रारण कोणत्या तरंगलांबीला सर्वांत जोरकस आहे ते मायक्रोमीटरमध्ये मिळतं. डोळ्याला साधारण ०.४ (जांभळा) ते ०.७ (तांबडा) एवढाच पट्टा दिसतो. आता गणित करून पाहावं. माणसाचं शरीर ३१० केल्विनचं, उत्तर येतं ९.३, ते डोळ्याला दिसत नाही, पण कपाळाजवळ धरायच्या तापमापकाला कळतं. बल्बची तार २,७०० केल्विन, उत्तर १.०७, म्हणजे शिखर अजून तांबड्याच्या पलीकडेच. म्हणून तो बल्ब उजेडापेक्षा उष्णताच जास्त द्यायचा. काक्षी ०.८३. सूर्य ५,७७२ केल्विन, ०.५०. व्याध सुमारे ९,९०० केल्विन, ०.२९. राजन्य ०.२४. शेवटच्या दोघांचं शिखर जांभळ्याच्याही पलीकडे, अतिनील भागात गेलं आहे.

सूर्याचा ०.५० हा आकडा पाहून चौकस विद्यार्थी विचारतो, की हा तर हिरव्याचा भाग, मग सूर्य हिरवा का नाही? प्रश्न रास्त आहे. शिखर म्हणजे सगळा डोंगर नव्हे. सूर्य तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळेच रंग भरपूर देतो, आणि त्यांची गोळाबेरीज डोळ्याला पांढरी दिसते. म्हणूनच आकाशात तांबूस, नारिंगी, पिवळसर, पांढरे, निळसर असे तारे सापडतात, हिरवा सापडत नाही.

दुसरा नियम जोराचा, आणि तो थक्क करणारा आहे. योझेफ स्टेफान यांनी १८७९ मध्ये तो प्रयोगांच्या आकड्यांतून काढला, आणि पाच वर्षांनी लुडविग बोल्ट्झमान यांनी त्याला सिद्धांताचा पाया दिला. तापमान दुप्पट झालं की दर चौरस मीटरमधून बाहेर पडणारी ऊर्जा दुप्पट होत नाही, सोळापट होते. तिप्पट झालं तर एक्क्याऐंशीपट. सूर्याच्या एक चौरस मीटर पृष्ठभागातून सुमारे ६.३ कोटी वॅट एवढ्या दरानं ऊर्जा बाहेर पडते. कृष्णाकाठच्या भाषेत सांगायचं, तर दहा हॉर्सपॉवरच्या सुमारे ८,४०० मोटारी तेवढ्याशा जागेवर. काक्षीच्या एका चौरस मीटरवर अशा अकराशेच्या आसपास मोटारी चालतील. राजन्यच्या एका चौरस मीटरवर दीड लाखाहून जास्त.

इथेच नवशिक्याची पहिली चूक होते. जास्त तेजस्वी तो जास्त तप्त, असं त्याला वाटतं. रोहिणी पाहावी, वृषभेतला नारिंगी तारा. नावातच तांबडेपणा आहे. तिचं तापमान सुमारे ३,९०० केल्विन, म्हणजे तिचा एक चौरस मीटर सूर्याच्या चौरस मीटरच्या पाचवा हिस्साच ऊर्जा देतो. तरीही ती सूर्याच्या चारशेपट तेजस्वी आहे, कारण तिची त्रिज्या सूर्याच्या सुमारे ४५ पट, आणि पृष्ठभाग दोन हजार पट. उलट उदाहरण व्याधाच्या जोडीदाराचं. अल्वन ग्रॅहम क्लार्क यांना तो १८६२ मध्ये दिसला. त्याचा पृष्ठभाग सुमारे २५,००० केल्विन, खुद्द व्याधापेक्षा अडीचपट तप्त. पण आकारानं पृथ्वीएवढा, म्हणून व्याधापेक्षा सुमारे नऊ हजार पट फिका. म्हणून तापमान विचारायचं ते रंगाला. तेजामागे आकार आणि अंतर दडलेलं असतं.

रंगाची नजर बसवायला बाजारातलं एलईडी बल्बचं खोकं उपयोगी पडतं. त्यावर ३,००० केल्विन किंवा ६,५०० केल्विन असं छापलेलं असतं. हे तेच माप आहे. बल्ब तेवढा तापत नाही. तेवढ्या तापलेल्या कृष्ण पदार्थाचा जो रंग असेल तो रंग तो देतो, एवढाच त्याचा अर्थ. गंमत अशी की दुकानात ३,००० वाल्याला ‘वॉर्म’ म्हणतात आणि ६,५०० वाल्याला ‘कूल’. नळावरही गरम पाण्याला लाल खूण, गार पाण्याला निळी. आकाशात हे सगळं उलटं आहे, आणि सवय मोडायला दोन-तीन रात्री लागतात. घरात एका खोलीत ३,००० चा आणि दुसऱ्या खोलीत ६,५०० चा बल्ब लावून, दाराशी उभं राहून दोन्हीकडे आलटून पालटून पाहावं. मग घाटावर जावं. काक्षी आणि रोहिणी पहिल्या बल्बापेक्षा थोड्याच वरच्या, आणि व्याध-राजन्य दुसऱ्याच्याही पुढचे.

घाटावर गेल्यावर पहिली वीस मिनिटं मोबाइल खिशातच ठेवावा. पायऱ्या बुळबुळीत असतात, तेव्हा बॅटरी हवीच; तिच्यावर लाल जिलेटिन कागद रबरानं बसवावा. एकाच ताऱ्याकडे टक लावून रंग कळत नाही, दोन ताऱ्यांमध्ये नजर भराभर फिरवली की कळतो. सुरुवात काक्षी आणि राजन्य या जोडीनं करावी. मग रोहिणी आणि तिच्या पलीकडचा कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिकांतले ठळक तारे निळसर आहेत. मग उत्तरेकडे वळून ब्रह्महृदय, सुमारे ५,००० केल्विनचा, पिवळसर, सूर्याच्या जातीला जवळचा. साधी दुर्बीण असेल तर तिचा फोकस मुद्दाम थोडा बिघडवावा. ताऱ्याच्या ठिपक्याची टिकली होते, आणि पसरलेला रंग डोळ्याला जास्त स्पष्ट दिसतो. फिक्या ताऱ्यांच्या नादी लागू नये. मंद प्रकाशात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, आणि सगळेच तारे करडे दिसतात.

फसवणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. क्षितिजाजवळचा कुठलाही तारा तांबूस दिसतो, कारण त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो आणि निळा भाग वाटेत विखुरतो. शेतात पाचट पेटवलं असेल तर आणखीच. अगस्त्य हा याचा चांगला नमुना. कुरुंदवाडहून तो दक्षिण क्षितिजापासून जास्तीत जास्त वीस अंशांपर्यंतच चढतो. त्याचं तापमान ७,४०० केल्विनच्या आसपास, म्हणजे रंग खरं तर पांढरा. पण धुरकट रात्री तो पिवळट वाटतो. अगस्त्य उगवला की नद्यांचं गढूळ पाणी निवळतं, असं जुनी माणसं सांगत आली आहेत. अगस्त्याचा रंग पाहायचा, तर आकाशही निवळलेलं हवं. व्याध खाली असताना लाल, हिरवा, निळा असा लुकलुकतो; ती हवेची करामत आहे, त्याचं तापमान बदलत नसतं. तो वर चढेपर्यंत थांबावं.

मंगळ तांबडा दिसतो, पण त्याचा प्रकाश उसना आहे. त्याच्या मातीत गंजासारखं लोहाचं संयुग आहे, त्यावरून परतलेलं ते ऊन. तिथलं सरासरी तापमान शून्याखाली साठ अंशांच्या आसपास. स्वयंपाकघरातली गॅसची निळी ज्योतही या नियमात बसत नाही. ती निळी म्हणून दहा-बारा हजार केल्विनची नसते. जळणाऱ्या वायूतले विशिष्ट रेणू ठरावीक रंग फेकतात, त्याचा तो निळा. समईची पिवळी ज्योत मात्र नियमाला धरून आहे. तिच्यात काजळीचे बारीक कण तापून उजळलेले असतात, रंग सुमारे १,९०० केल्विनचा.

तापलेल्या पदार्थाचा सलग पट्टा वेगळा आणि विरळ वायूच्या सुट्या रेषा वेगळ्या. हा भेद सूर्याच्या बाबतीत ज्या वर्षी उघड झाला, त्या वर्षाचा एक धागा या मुलखात आहे. कुरुंदवाड पटवर्धनांचं संस्थान होतं, तसंच जमखिंडीही पटवर्धनांचंच. दोन्हींमध्ये सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटरचं अंतर. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला जमखिंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसले होते. ते भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातले अधिकारी. ढगांची ये-जा चालू होती. मिळालेल्या फटीत त्यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांकडे यंत्र वळवलं, आणि सलग पट्ट्याऐवजी तीन ठळक रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी, निळी. त्या ज्वाळा तप्त वायूच्या आहेत, हे त्यातून कळलं. नारिंगी रेषा तेव्हा सोडियमची वाटली. ती पुढे हेलियमची ठरली. अशाच रेषांवरून ताऱ्याचं तापमान कसं काढायचं, ते १९२० मध्ये मेघनाद साहांनी दाखवलं. अमुक मूलद्रव्याचे अणू अमुक तापमानालाच इलेक्ट्रॉन गमावतात, म्हणून कोणत्या रेषा आहेत आणि कोणत्या गायब आहेत, हे पाहून ताप ठरतो. रंगावरून काढलेलं उत्तर आणि रेषांवरून काढलेलं उत्तर जुळलं, की आकडा पक्का.

या लेफ्टनंट हर्शेल यांचे आजोबा म्हणजे विल्यम हर्शेल. त्यांचा १८०० सालचा प्रयोग कुठल्याही शाळेच्या पटांगणात करता येतो, आणि तो करावाच. एक खोल खोकं, त्याच्या वरच्या कडेला काचेचा लोलक, तळाला पांढरा कागद. कागदावर सप्तरंगी पट्टा पडला की तीन थर्मामीटर ठेवावेत, एक निळ्यात, एक पिवळ्यात, एक तांबड्याच्या किंचित बाहेर, जिथे काहीच रंग दिसत नाही. चौथा सावलीत. सगळ्यांचे फुगे आधी काळ्या रंगानं रंगवलेले असावेत. पाच-दहा मिनिटांत तांबड्याबाहेरचा पारा सगळ्यांत वर गेलेला दिसतो. डोळ्याला न दिसणारं अवरक्त प्रारण हर्शेलना असंच सापडलं. (सूर्याचं शिखर ०.५० ला असूनही असं का? लोलक तांबड्याकडची बाजू दाबून आखूड करतो, त्यामुळे तिथली ऊर्जा थोड्या जागेत गोळा होते.) मुलांना एक ताकीद द्यावी. लोलकातून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे कधीच पाहायचं नाही, क्षणभरही नाही.

हर्शेलनी पट्ट्याची तांबडी बाजू ओलांडली; जांभळ्यापलीकडची बाजू जमिनीवरून फारशी हाती लागत नाही. ओझोन तिला अडवतो. राजन्यच्या प्रारणाचा मोठा भाग तिथेच असल्यानं घाटावर पोहोचतो तो त्याचा उरलेला अंश. त्या भागासाठी यंत्र वातावरणाबाहेर न्यावं लागतं. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेल्या आदित्य एल-१ या यानावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेत घडली, आणि ती सूर्याचं याच पट्ट्यात निरीक्षण करते. आयुकाचे संस्थापक जयंत नारळीकर यांचा जन्म कोल्हापूरचा.

ज्यांना डोळ्यापुढे जाऊन आकडा काढायचा आहे, त्यांना मोबाइल पुरतो. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर ठेवू नये, तो ताऱ्याचा रंग पुसतो, ५,२०० केल्विनवर पक्का करावा. आयएसओ ८००, उघडीप चार ते आठ सेकंद, फोकस किंचित बिघडवलेला, फोन तिवईवर. तिवई नसेल तर पायरीवर दगडांचा आधार चालतो. फोटोत ताऱ्याची टिकली पांढरीफटक जळलेली असेल तर उघडीप कमी करावी. मग रंग सांगणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये त्या टिकलीतला निळ्याचा आणि तांबड्याचा आकडा घ्यावा आणि निळ्याला तांबड्यानं भागावं. रोहिणी, ब्रह्महृदय, व्याध, राजन्य या चौघांची तापमानं वर आलीच आहेत. आलेखाच्या कागदावर आडवं तापमान, उभा भागाकार, चार ठिपके आणि त्यांतून जाणारी वक्ररेषा. ही त्या फोनची स्वतःची मोजपट्टी झाली. आता प्रश्वा हा नवा तारा घ्यावा, भागाकार काढावा आणि रेषेवरून तापमान वाचावं. ६,५०० च्या आगेमागे पाचशेच्या आत उत्तर आलं, तर हात बसला समजावं. सगळे तारे क्षितिजापासून निदान चाळीस अंश वर असताना टिपले, तरच तुलना खरी.

ही वही अनेक वर्षं चालवण्यासारखी आहे, आणि त्याला कारण काक्षी. २०१९ च्या शेवटी ती मंदावू लागली. फेब्रुवारी २०२० मध्ये ती रोहिणीपेक्षाही फिकी दिसत होती. हा बदल घाटावर बसलेल्या कुणालाही नुसत्या डोळ्यांनी कळला असता. तारा फुटणार, अशी चर्चा जगभर झाली. खगोलशास्त्रज्ञांनी आधी तापमान तपासलं. ते पूर्वीपेक्षा जेमतेम पन्नास अंशांनी कमी भरलं. चौथ्या घाताच्या (म्हणजे वरच्या दुसऱ्या) नियमानं एवढ्या उतारानं तेज इतकं ढासळत नाही, म्हणजे मध्ये काहीतरी आडवं आलं असलं पाहिजे. पुढच्या निरीक्षणांतून उलगडलं ते असं, की ताऱ्यानं वायूचा एक लोट बाहेर फेकला होता, पृष्ठभागाचा एक भाग थंडावला होता, आणि त्या लोटातून धूळ गोठून तिचा पडदा आपल्या बाजूला आला होता. वहीत काक्षीसाठी म्हणूनच दर महिन्याला एक ओळ ठेवावी: तारीख, वेळ, रोहिणीपेक्षा तेजस्वी की मंद, आणि रंग.

मे महिन्यात मृग संध्याकाळच्या उजेडातच पश्चिमेला बुडतं. तेव्हा वळवाचं आभाळ नसलेली रात्र गाठून अकराच्या सुमारास पुन्हा घाटावर यावं. स्वाती जवळजवळ डोक्यावर, चित्रा दक्षिणेला उंच, आणि आग्नेयेला ज्येष्ठा असते. तिघींचा तापमानाचा उतरता क्रम आधी स्वतःच्या नजरेनं वहीत लिहावा, आणि मगच पुढचे आकडे पाहावेत. चित्रा २०,००० केल्विनच्या वर, स्वाती सुमारे ४,३००, ज्येष्ठा सुमारे ३,५००.